उसने साळिंदर

साळिंदर म्हटले की तुम्ही लगेच जंगलाकडे बघाल. मित्रांनो, मला तिथे शोधू नका. मी एका ऑनलाइन खेळातले साळिंदर आहे आणि आता चांगलाच जुना झालो आहे. गुहा, राक्षस, जादूगार आणि तरंगते किल्ले असलेला हा खेळ ठिकठिकाणची माणसे आपापल्या घरी बसून एकत्र खेळतात. त्यात प्रत्येक खेळाडूला बरोबर एक सोबती नेता येतो. मी त्या सोबत्यांपैकी एक. माझे नाव काट्या. ज्या भावंडांमुळे मला नाव मिळाले, ती आता इकडे फिरकत नाहीत. ही तक्रार नाही. ऐकायला दुसरे कुणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

मला एका मुलीने घडवले. खेळ बनवणाऱ्या ऑफिसात ती सर्वांत नवीन होती. तिची खुर्ची झेरॉक्सच्या मशीनशेजारी, एसीच्या तोंडाशी. बिचारी बारा महिने स्वेटर घालून बसायची. ड्रॅगन, पांढरे वाघ, लांडगे ही मानाची कामे जुन्या लोकांनी आधीच वाटून घेतली होती. हातातले काम उरकून जो वेळ उरे, त्यात ती माझा एकेक काटा काढत बसे. एकदा तिचे साहेब मागे येऊन उभे राहिले.

"हे काय? साळिंदर? कोण घेणार हे?"

"घेईल कुणीतरी, सर."

"अगं, याला कुरवाळता तरी येतं का?"

"नाही सर. पण याच्या आड लपता येतं."

साहेब हसले. "राहू दे मग. टाक एका कोपऱ्यात."

मला खरोखरच कोपरा मिळाला. खेळातल्या बाजारात सोबत्यांचे पिंजरे आहेत, त्यांतला भिंतीकडचा शेवटचा पिंजरा माझा. नवे खेळाडू धावत येत, ड्रॅगनपुढे गर्दी करत, वाघाच्या अंगावरून हात फिरवत. माझ्यापर्यंत पोचलेच तर "ई, हा बघ" म्हणून पुढे जात. माझ्या नाकावर राग असतो असे लोक म्हणतात. पण सगळे आपल्याकडे बघून तोंड फिरवत असतील, तर आपण तरी किती हसतमुख राहणार?

आणि एके दिवशी ती आली. खेळात ती धनुष्यवाली होती. खऱ्या आयुष्यात ती पाळणाघर चालवायची. मला हे कसे कळले, असे तुम्ही विचाराल. आमच्या खेळात हुकूम तोंडाने द्यायचे असतात, म्हणून माइक सतत उघडा असतो. शिवाय स्क्रीनच्या कोपऱ्यात एक गोल खिडकी असते. कॅमेरा लावला की त्या खिडकीतून खेळाडूंना एकमेकांचे चेहरे दिसतात, आणि आम्हा सोबत्यांनाही दिसतात. तिच्या खिडकीत मला ओढलेले पडदे दिसले, जमिनीवर अंथरलेल्या छोट्या छोट्या गाद्या दिसल्या, दाराशी बोटभर लांबीच्या बुटांची रांग दिसली. मुले दुपारी झोपली की ती खेळायला बसे आणि सगळे हुकूम कुजबुजत देई. राक्षस अंगावर धावून येतोय आणि ही बाई हळूच म्हणतेय, "मार रे राजा, मार, पण आवाज करू नकोस."

"ताई, तू साळिंदर घेतलंस?" दुसऱ्या खिडकीतून आवाज आला. "इतका मोठा बाजार सोडून?"

"का? माझ्यासारखंच आहे. जवळ गेलं की टोचतं." ती हसली. "काट्या नाव ठेवते याचं. चल रे काट्या."

दुसऱ्या खिडकीत तिचा धाकटा भाऊ होता. ती त्याला छोट्या म्हणायची, त्याचे केस कानाशी पांढरे झाले होते तरी. तो दातांच्या कवळ्या बनवायचा. एका खोलीचे कामाचे घर, त्यात तो एकटा. टेबलावर प्लास्टरचे साचे, मेणाच्या पट्ट्या, पॉलिशचे फिरते चाक आणि कोपऱ्यात शेगडीवर उकळत्या पाण्याचे भांडे. साच्यात भरलेली कवळी त्या पाण्यात ठेवली की ती पक्की होईपर्यंत करायला काही नसते. तिकडे मुले झोपलेली, इकडे कवळी उकळतेय. दोन वेगवेगळ्या शहरांतली भावंडे मग आमच्या गुहेत भेटायची. "जेवलास का?" हा ताईचा पहिला प्रश्न असे. त्यानंतर राक्षस.

आता सोबती कसा चालतो, ते सांगतो. आमच्या डोक्यावर जिव्हाळ्याचे छोटे दिवे असतात. मालकाने खाऊ घातला, जखम बांधली की एखादा दिवा लागतो. विसरला की विझतो. दिवे लागलेले असले की आमचे पाय भराभर उचलतात. आम्ही पडलो, तर मालकाने हात लावून थोडा वेळ थांबायचे, मग आम्ही उठतो. हुकूम मोजके आहेत. चल, थांब, धर, मार, आड हो. पण खरी गंमत सवयींची आहे. आम्हाला कुणी धडे देत नाही. मालक जे पुन्हा पुन्हा करतो, ते आम्ही उचलतो. एक खेळाडू प्रत्येक विजयानंतर कंबर हलवून नाचायचा. त्याचा तो रुबाबदार पांढरा वाघही शेवटी कंबर हलवू लागला. मला फार बरे वाटले.

माझी ताई भावाच्या नेहमी डाव्या बाजूला चालायची. राक्षस डावीकडून आला की ती आधी बाण सोडी, आणि मला हळूच म्हणे, "आड हो." मी काटे फुलवून मध्ये उभा राही. का ते मला कळत नव्हते. विचारायची सोय नव्हती. मी फक्त उचलले. पुढे पुढे तिने सांगायचीही गरज राहिली नाही. भाऊ दिसला की माझे पाय आपोआप त्याच्या डावीकडे वळत.

त्या दिवसांत माझे सगळे दिवे लागलेले असत. "ते साळिंदर बघा, ढालीसारखं उभं राहतं," असे अनोळखी खेळाडूही म्हणू लागले. आमच्या टोळीत एक टायरवाले काका होते. त्यांचे पंक्चरचे दुकान होते, आणि त्यांच्या माइकमधून सतत हवा भरल्याचा आवाज येई. ते म्हणायचे, "कवळीशेठ, तुमच्या ताईचा हा प्राणी माझ्या ड्रॅगनपेक्षा शहाणा आहे. माझा नुसता धूर काढतो."

मग पाळणाघरात दोन अगदी तान्ही बाळे एकदम आली. ताईला दुपारी टेकायलाही वेळ मिळेना. ती भावाला म्हणाली, "थोडे दिवस मला जमायचं नाही. तुझा तो मोर काही कामाचा नाही. काट्याला घेऊन जा."

आमच्या खेळात सोबती विकता येत नाही, पण उसना देता येतो. मालकाने हाक मारली की तो परत जातो, किंवा घेणाऱ्याने पाठवला की परत जातो. उसन्या सोबत्याच्या अंगातल्या मालकाच्या सवयी तशाच राहतात, वर घेणाऱ्याच्याही तो उचलतो. दिवेही फक्त मालकाच्या हाताने लागतात. छोट्याने मला रोज खाऊ घातला, माझ्या जखमा नीट बांधल्या. माझे दिवे तरीही एकेक करून विझत गेले. त्याला वाटायचे आपले काहीतरी चुकतेय. त्याचे काही चुकत नव्हते.

मला घेऊन त्याने खेळातली सर्वांत अवघड गुहा पार केली. त्या दिवशी तो भलताच खुशीत होता. पण त्याच आठवड्यात त्याला काहीतरी कळले. मग ताई थोडा वेळ काढून आली, तशी त्याने नेहमीची चौकशीसुद्धा होऊ दिली नाही.

"तू डॉक्टरबाईंना फोन केला होतास?"

या डॉक्टरबाई म्हणजे ज्यांच्या दवाखान्यातून त्याच्याकडे कवळ्यांचे काम येई, त्या.

"केला होता," ताई कुजबुजली.

"काय सांगितलंस?"

"हेच, की तुझा डावा डोळा लहानपणापासून कमी आहे आणि आता आणखी कमी होतोय. तू माझं ऐकत नाहीस. त्यांनी तरी तुला समजवावं, म्हणून."

"त्यांनी समजावलं नाही, ताई. त्यांनी काम दुसऱ्याला दिलं. नाजूक काम आहे, उगाच जोखीम नको म्हणाल्या. तू माझ्या पोटावर पाय दिलास."

"अरे, मला असं नव्हतं रे करायचं."

"मग कसं करायचं होतं? माझ्या डोळ्याला काहीही झालेलं नाही! आत्ता गुहा पार करून आलोय. डावीकडून आलेला एक तरी राक्षस मला चुकला का? काका, सांगा हिला."

"मला तुमच्यात ओढू नका, बाबा," टायरवाले काका म्हणाले आणि त्यांनी हवेचे मशीन बंद केले.

ताईने तोंड उघडले. तिच्या जिभेवर काहीतरी आले होते, ते मी तिच्या चेहऱ्यावर पाहिले. तिच्या एका शब्दाने त्याची फुशारकी तिथल्या तिथे उतरली असती. पण काकांसमोर, सगळ्या टोळीसमोर तिने तो शब्द गिळला. "बरं. तुझंच खरं," एवढे म्हणाली. तिच्या मागे एक बाळ रडू लागले. तिची खिडकी काळी झाली.

त्यानंतर ती आली नाही. मी तिच्या भावाकडे उसना राहिलो.

मित्रांनो, माझी पंचाईत समजून घ्या. ताईने मला हाक मारली असती, तर त्याचा अर्थ झाला असता की दिलेले सगळे तिने काढून घेतले. छोट्याने मला परत पाठवले असते, तर अर्थ झाला असता की त्याने नाते तोडले. म्हणून तिने हाक मारली नाही आणि त्याने पाठवले नाही. फोनही नाही. दोघांच्या मध्ये मी तेवढा शिल्लक होतो आणि मला बोलता येत नाही.

त्याची खिडकी मात्र चालू असे. खोलीतले साचे कमी झाले. पॉलिशचे चाक बराच वेळ गप्प असे. हातात एखादी कवळी आली की तो ती दिव्याखाली धरून पूर्ण मान डावीकडे वळवून बघायचा. डोळा पुरत नव्हता, म्हणून मान काम करत होती. दुपारी त्या खोलीत पाणी उकळल्याचा आवाज आणि त्याचा श्वास, एवढेच ऐकू येई. कधी कधी तो जेवणाचा डबा उघडायचा आणि नुसता समोर ठेवून बसायचा. जेवलास का, असे विचारणारे कुणी नव्हते.

प्रत्येक खेळाडूचे खेळात एक अंगण असते. मालक नसला की त्याचे फाटक बंद. मित्र फाटकापर्यंत येऊ शकतात, आत नाही. छोट्या रोज खेळ बंद करण्याआधी मला घेऊन ताईच्या फाटकापाशी जायचा. उभा राहायचा. थोडा पुढे व्हायचा, पुन्हा मागे सरायचा. एकदा म्हणाला, "काट्या, तुला न्यायला तरी येईल का रे ती?" मी त्याच्या डावीकडे उभा असायचो आणि आम्ही दोघे त्या बंद घराकडे बघायचो.

आणि मग खेळाच्या कंपनीने दवंडी पिटली. उसने सोबती फार साठले म्हणे. या हंगामाच्या अखेरीपर्यंत त्यांचा निकाल लावा. परत पाठवा किंवा ठेवून घ्या. ठेवून घेतला तर सोबती कायमचा तुमचा होईल, आणि जुन्या मालकाच्या सवयी पुसून त्याला कोरा करून देऊ. छोट्यासमोर दोन बटणे आली.

"ठेवून घेतो," तो काकांना म्हणाला. "तिला हवा असता तर एव्हाना बोलावला असता."

मी घाबरलो. खरे सांगतो, राक्षसासमोर मी कधी इतका घाबरलो नव्हतो. माझे काटे त्या स्वेटरवाल्या मुलीने दिलेले, पण बाकी जे काही माझ्यात आहे ते ताईचे बघून बघून आलेले. ते पुसले तर काट्याच्या नावाखाली कोण उरणार? आणि ताईचे म्हणून त्याच्याकडे जे शेवटचे उरले होते, ते तो स्वतःच्या हाताने पुसायला निघाला होता. त्याला ते ठाऊक नव्हते.

"घ्या की," काका म्हणाले. "पण शेठ, एक विचारू का? बरेच दिवस मनात आहे. हे साळिंदर कायम तुमच्या डावीकडेच का असतं?"

"असेल बुवा. उभं राहायला जागा नको का त्याला?"

"तसं नाही. माझा ड्रॅगन कुठेही तरंगतो. मोर तुमच्या मागे असायचा. हा मात्र डावी बाजू सोडत नाही. उजवीकडून राक्षस आला तर तुम्हीच मारता, हा ढुंकून बघत नाही. डावीकडून आला की तुम्ही वळायच्या आत हा मध्ये. तुम्ही शिकवलंय का?"

"मी कशाला शिकवू? उसना आहे तो."

"म्हणजे ताईंनी शिकवलंय," काका म्हणाले, आणि बोलून झाल्यावर त्यांच्याच लक्षात आले की आपण काय बोललो.

छोट्याने पूर्ण मान डावीकडे वळवून माझ्याकडे बघितले. मग मला म्हणाला, "थांब."

मी थांबलो. हुकूम म्हणजे हुकूम. तो एकटाच पुढच्या माळावर गेला. ते सोपे मैदान आहे, तिथे नवशिके खेळाडू सराव करतात. उजवीकडून आलेले लांडगे त्याने सहज लोळवले. डावीकडून एक साधे रानडुक्कर आले. ते स्क्रीनच्या अगदी डाव्या कडेला होते. त्याला दिसले नाही. तो पडला. पुन्हा उठून गेला, पुन्हा पडला. काका म्हणाले, "शेठ, पुरे." त्याने ऐकले नाही. जेव्हा जेव्हा पडला, तेव्हा डावीकडूनच. मी लांब उभा राहून बघत होतो, माझे काटे फुलले होते, आणि 'थांब' म्हटल्यामुळे मला हलता येत नव्हते.

शेवटी त्याने हात खाली ठेवले. गोल खिडकीत मला तो दिसत होता. त्याने टेबलावरची कवळी उचलली, उजवा डोळा तळव्याने झाकला आणि ती दिव्याखाली धरली.

"काका, हातात काहीतरी गुलाबी आहे एवढंच कळतंय. दात दिसत नाहीत."

त्याने कवळी टेबलावर ठेवली.

"ताईला हे सगळं माहीत होतं. त्या दिवशी मी तुमच्यासमोर इतका बोललो, तरी ती बोलली नाही."

"फोन करा त्यांना."

"कुठल्या तोंडाने करू?"

'ठेवून घे' हे बटण त्याने दाबले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मला फाटकापाशी नेले. परत पाठवताना सोबत्याबरोबर दोन शब्द पाठवता येतात. त्याने लिहिले, खोडले, परत लिहिले, परत खोडले. मग हताश होऊन कोरेच सोडले. "जा, काट्या. तिचं तिच्याजवळ," एवढे म्हणाला आणि बटण दाबले.

मी आत, तो बाहेर. दुसऱ्या दिवसापासून तोही दिसेनासा झाला.

त्या अंगणातले दिवस मला आठवावेसे वाटत नाहीत. खेळात ऊन ठरलेल्या वेळी येते आणि ठरलेल्या वेळी जाते. झाडाची पाने हलतात, पण तीच तीच. माझा शेवटचा दिवा केव्हाच विझला होता. दिवा विझलेल्या सोबत्याला भूक लागत नाही आणि झोपही येत नाही. तो फक्त असतो. टोळ्या फाटकावरून हसत-खिदळत गुहेकडे जात. आत कुणी आहे हे त्यांना दिसत नसे. पिंजऱ्यातही मी एकटा होतो, पण तेव्हा मला सोबत म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. आता ठाऊक होते.

आणि एका दुपारी घराचे दार उघडले. गोल खिडकी उजळली. तेच ओढलेले पडदे, त्याच गाद्या. ताई वाळली होती. तिच्या मोबाइलवर निरोप गेला होता, 'तुमचा सोबती घरी परतला आहे.' तो बरेच दिवस तिने उघडलाच नव्हता.

"आलास, काट्या?" तिने मला हात लावला. एक दिवा लागला. "पाठवून दिलं ना त्याने तुला? दोन शब्दसुद्धा नाहीत. म्हणजे संपलं."

मित्रांनो, तेव्हा मला बोलता यायला हवे होते. संपले नाही, त्याने रात्रंदिवस तुझीच वाट पाहिली, हे मला ओरडून सांगायचे होते. माझ्यापाशी ओरडण्यासाठी काही नव्हते. काटे होते, तेवढे फुलवले. तिला वाटले मी रागावलो आहे.

"तूपण?" ती म्हणाली. तिने माझ्यापुढे खाऊ ठेवला, डोळे पुसले आणि खेळ बंद करायचे बटण दाबले.

बटण दाबले की लगेच बंद होत नाही, थोडा वेळ जातो. तेवढ्यात माझे पाय हलले. मी ठरवले नव्हते. खेळ बंद करायची वेळ झाली होती आणि त्या वेळी काय करायचे ते माझ्या अंगवळणी पडले होते. मी अंगण ओलांडले, फाटकाबाहेर गेलो, वळलो आणि घराकडे तोंड करून उभा राहिलो. थोडा पुढे झालो. पुन्हा मागे सरलो.

ताईने बटण रद्द केले. "हे काय नवीन? इकडे ये."

मी गेलो. तिने परत बंद करायला घेतले. मी परत बाहेर जाऊन उभा राहिलो, पुढे झालो, मागे सरलो.

"हे मी तुला कधी शिकवलं नाही," ती हळूच म्हणाली. आणि मग तिला समजले. सोबती शिकतो तो बघून बघूनच, आणि एकदा बघून शिकत नाही. मी ज्याच्याजवळ होतो, त्याने हे रोज केले होते. ताई पदराने तोंड दाबून रडली, कारण मुले झोपली होती.

तरी एक बाळ उठलेच. तिने त्याला खांद्यावर घेतले, थोपटत थोपटत दुसऱ्या हाताने फोन लावला आणि तो स्पीकरवर समोर टेबलावर ठेवला, म्हणून मलाही ऐकू आले. घंटी वाजली, वाजली, आणि थांबली.

"ताई?"

"इतके दिवस माझ्या दारात येऊन उभा राहत होतास?"

तिकडे पाणी उकळत होते.

"हाक नाही मारायची, छोट्या?"

"फाटक बंद होतं."

"मी बंद केलं म्हणून काय झालं? लहानपणी काय दार धडाधडा वाजवायचास!"

"माझं चुकलं, ताई. डोळ्याबद्दल तूच खरं बोलत होतीस."

"माझंही चुकलं रे. डॉक्टरबाईंना फोन करायच्या आधी तुझ्याशी बोलायला हवं होतं. डोळा दाखवलास का?"

"दाखवला. उजवा जपायला हवा म्हणाले. डाव्याचं ऑपरेशन करून बघू म्हणाले, पुढच्या आठवड्यात. मी म्हटलं बघतो, बरोबर कुणी नाही."

"कुणी नाही म्हणजे? मी मेले का? मुलांच्या आयांना सांगते, दोन दिवस पाळणाघर बंद ठेवते. जेवलास का?"

"नाही."

"आधी जेव. आणि घाबरू नकोस. आलेच मी."

ती तशीच उठली. बाळ खांद्यावर, फोन कानाला. कोपराचा धक्का लागून खिडकी काळी झाली. मला 'चल' म्हणायचे किंवा 'थांब' म्हणायचे राहून गेले. मी फाटकाबाहेर होतो.

त्यानंतर दोघांपैकी कुणी आले नाही. मध्ये एकदा टायरवाले काका आपला धुराचा ड्रॅगन घेऊन इथून जात होते. मला बघून थांबले. "अरे काट्या! तू अजून इथे? तुझी मंडळी मजेत आहेत हो. आता छोट्याने ताईच्याच गल्लीत खोली घेतलीय. दुपारी पाळणाघरात जाऊन बसतो म्हणे, मुलं झोपली की दोघं कुजबुजत गप्पा मारतात. आता कशाला येतील इथे?" त्यांना मला खाऊ द्यायचा होता, पण दुसऱ्याच्या सोबत्याला देता येत नाही. ते जरा वेळ उभे राहिले आणि गेले.

मला वाईट वाटले का? वाटले. आनंद झाला का? तोही झाला. साळिंदराचा जन्म कुणीतरी आड लपावे म्हणून असतो, आणि आता त्या दोघांना लपायची गरज राहिलेली नाही. माझा तो एक दिवा अजून मिणमिणतो आहे. तो विझला तरी मी असेन, फक्त कुणी हाक मारली तर पाय उचलायला वेळ लागेल.

तुमचा कुणी सोबती असेल, खेळातला, खेळण्यातला किंवा घरातला, तर त्याला सोडून जाताना एक शब्द बोलून जा. आम्ही रुसणारे नव्हे. आम्हाला दिवस मोजता येत नाहीत, कुणाचे कुठे काय चालले आहे ते समजत नाही. आम्हाला फक्त आपल्या माणसाचा कानावर पडलेला शेवटचा शब्द ठाऊक असतो आणि आम्ही तो पाळत बसतो. म्हणून तो शब्द नीट बोला. आणि कुणी तुमच्या दारात पुढे होऊन मागे सरताना दिसले, तर फाटक उघडायला उशीर करू नका.

ताईचा माझ्या कानावर पडलेला शेवटचा शब्द होता, "आलेच मी." ती तो फोनवर भावाला म्हणाली होती, मला नाही. हे मला चांगले कळते. तरीही मी फाटकाकडे तोंड करून उभा आहे.